सगळ्यात वाईट मॅनेजर

"मॅडम, काहीही करा, पण मला सगळ्यात वाईट ठरवा."

एप्रिलातल्या भर दुपारी माझ्या दारात उभं राहून प्रफुल्ल सरोदे हे बोलला. हातात केळ्यांची फणी होती. आमच्या सावद्याला कुणी काही मागायला आलं की केळी घेऊन येतं, म्हणून फणी दिसली की मी आधी सावध होते. पण असलं मागणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"आधी आत या," मी म्हटलं. "पाणी प्या. ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन नाही लागलं, मॅडम." तो आत येऊन पंख्याखाली बसला. "परवा तुमची कमिटी बसतेय ना? त्यात सगळ्यात वाईट जनरल मॅनेजर म्हणून माझं नाव घाला. सर्वोत्तम कुणालाही द्या."

"अहो, पण तुमची टीम पहिली आलीय!"

"तेच तर!" तो असा कळवळून बोलला की मला हसू आवरेना.

या सगळ्याला कारण आमचे नारखेडे साहेब. मोठे केळीचे व्यापारी. मुलाकडे ह्यूस्टनला तीन महिने राहून आले. तिथे यांना गाडी चालवता येईना, चालत कुठे जाता येईना, म्हणून घरात बसून टीव्हीवर बेसबॉल बघितलं आणि परत आले ते लीग डोक्यात घेऊनच. चार गावं, चार टीम, चार मालक, चौघेही केळीवाले, आणि खेळाडूंना चक्क पगार! मी गावातल्या शाळेत पी.टी.ची बाई, शैलजा फिरके. वीस वर्षं मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होते तेव्हा मैदानावरचं गवत कापायला माणूस मिळत नव्हता. आता सॉफ्टबॉलचाच मोठा भाऊ, हे बेसबॉल, अमेरिकेतून आला म्हटल्यावर मी एकदम तज्ज्ञ झाले. गळ्यात कार्ड काय, खुर्चीला पांढरं कापड काय, विचारू नका.

प्रत्येक टीमला साहेबांनी एक जनरल मॅनेजर नेमायला लावला होता. मैदानावर कोच असतो, तो खेळवतो. पण टीममध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, आपला कोण देऊन त्यांचा कोण आणायचा, हे सगळं या जनरल मॅनेजरने ठरवायचं. साहेब म्हणायचे, "तिकडे लोक खेळाडूंवरून कमी आणि मॅनेजरवरून जास्त भांडतात. सीझन संपला की सगळ्यात चांगला कोण आणि सगळ्यात वाईट कोण हे ठरवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही." म्हणून आम्हीही ठरवायचं. कमिटीत आम्ही तिघं: स्वतः साहेब, बँकेतून निवृत्त झालेले वाणी सर आणि मी. चांगल्याला चांदीची बॅट, वाईटाला लाकडी स्टँडवर बसवलेला फाटका बॉल. गंमत म्हणून हो!

प्रफुल्ल हा आमच्या सावद्याच्या टीमचे मालक आप्पा बेंडाळे यांचा जावई. अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. गरीब स्वभावाचा माणूस, त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. बायको उज्ज्वला ही आप्पांची एकुलती एक मुलगी आणि माझी आजवरची सगळ्यात चलाख खेळाडू. शॉर्टस्टॉपला उभी राहायची. मैदानात त्या जागेवर सगळ्यात जास्त बॉल येतात, आणि बॉल यायच्या आधी ही पोरगी तिथे पोचलेली असायची. आप्पांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा दोघं महिनाभरासाठी म्हणून सावद्याला आली होती. वर्ष होत आलं तरी परत गेली नव्हती.

"माझी बिनपगारी रजा तीस तारखेला संपतेय," प्रफुल्ल म्हणाला. "त्या दिवशी हजर झालो नाही तर नोकरी गेली. वर्गातली मुलं फोन करतात, सर, कधी येता? आई तिकडे एकटी आहे. मला जायचंय हो, मॅडम."

"मग जा की! बांधून ठेवलंय का कुणी?"

"बांधलं असतं तर भांडून सुटलो असतो. आप्पा हात जोडतात. जावईबापू, एवढा पोळा होऊ द्या. पोळा झाला. जावईबापू, एवढी दिवाळी होऊ द्या. तीही झाली. मग हे बेसबॉल आलं. मी जायचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाभोवती रांगोळी असते. अशा माणसाला काय सांगून निघू? फार चांगलं वागवता म्हणून चाललो?"

म्हणून या बिचाऱ्याने एक डाव रचला होता. मॅनेजर केलंय ना, मग टीम अशी बुडवायची की आप्पांनीच कंटाळून 'जा बाबा तुझ्या अकोल्याला' म्हणावं.

"मला खेळातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "पण चौकशी करकरून टाकाऊ माणसं घेतली. सर्फराज तडवी आपला सगळ्यात वेगवान पिचर, त्याच्याइतका जोरात बॉल टाकणारा दुसरा नाही, तो चोपड्याच्या टीमला देऊन टाकला. बदल्यात घेतला तो त्यांच्याकडचा अमळनेरचा जाडा कॅचर. त्याला धड पळता येत नाही!"

पुढचं मला माहीतच होतं. चोपड्याला गेल्यावर दुसऱ्याच मॅचमध्ये सर्फराजचा खांदा गेला. जाड्याला पळता येत नव्हतं हे खरं, पण बॅटवाल्याच्या मागे बसल्या जागेवरून तो असा बॉल फेकायचा की पुढच्या बेसकडे चोरून पळणारा एक गडी वाचला नाही. मग प्रफुल्लने भुसावळचा एक चाळिशीचा रेल्वेवाला आणला. पोट सुटलेलं, व्यायामाच्या नावाने शून्य. त्याने फायनलला तीन बॉल कुंपणापलीकडे केळीच्या बागेत मारले.

"आप्पा आता सगळ्यांना सांगत सुटलेत, जावईबापूंना पारख आहे," प्रफुल्ल रडवेला झाला. "ती चांदीची बॅट मिळाली की मला धंद्यात घेणार म्हणतात. मग मी मेलोच, मॅडम."

"उज्ज्वला काय म्हणते?"

"ती म्हणते, तुमचं नशीबच खराब."

मला त्याची दया आली. पण पहिल्या आलेल्या टीमच्या मॅनेजरला वाईट ठरवायचं म्हणजे लोकांनी आमच्या तोंडात शेण घातलं असतं. मी काही कबूल केलं नाही. केळी मात्र ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उज्ज्वला आली. माझ्या जुन्या पोरी आल्या की सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि चहा टाकतात, तसा तिनेही टाकला.

"हे येऊन गेले ना, मॅडम?" तिने आतूनच विचारलं.

"येऊन गेले. वाईट ठरवा म्हणतात. वेड लागलंय तुझ्या नवऱ्याला."

"ठरवा ना मग."

"अगं, पहिला नंबर आलाय! कोणत्या तोंडाने सांगू?"

ती दोन कप घेऊन बाहेर आली. "तुम्हीच आम्हाला शिकवलं ना? डोळे मिटून मारलेला बॉल लांब गेला तरी त्याला शाबासकी द्यायची नाही. बॉल कुठे गेला ते नंतर, आधी बॅट कशी फिरली ते बघायचं. मग मॅनेजरचंही तसंच बघा. सर्फराजला देऊन टाकलं, त्या दिवशी तो निर्णय कसा होता?"

"त्या दिवशी? शुद्ध मूर्खपणाचा."

"झालं तर मग."

"झालं कसं? भर स्टेजवर जावयाचा अपमान! आप्पांना काय वाटेल?"

"अपमान व्हायलाच हवा, मॅडम. जावई रुसला की त्याला कोण अडवणार? सगळं गाव म्हणेल, बरोबर आहे, जायलाच पाहिजे." ती हसली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "फार जीव तुटतो हो त्यांचा अकोल्यासाठी."

आमच्याकडे जावयाचं रुसणं म्हणजे खेळ नव्हे. लग्नात अंगठीवरून रुसतो, दिवाळीत पाटावरून रुसतो, आणि एकदा का रुसून उठला की सासरच्यांची मान खाली. तू का उठलास असं त्याला कुणी विचारत नाही. सासऱ्यालाच विचारतात, काय केलंत तुम्ही? प्रफुल्लला वर्षभर जे कारण सापडत नव्हतं ते हे होतं, आणि ते त्याच्या बायकोने शोधून दिलं होतं. पोरीचं मला फार कौतुक वाटलं.

ठरल्या दिवशी नारखेडे साहेबांच्या बैठकीत कमिटी बसली. वाणी सरांनी बसल्या बसल्या निकाल लावला.

"यात काय ठरवायचं? सावदा पहिला, म्हणून सावद्याचा मॅनेजर चांगला. चोपडा शेवटचा, म्हणून चोपड्याचा वाईट. चहा मागवा."

"असं कसं?" मी म्हटलं. "माणूस नशिबानेही जिंकतो. आपण त्याचं डोकं तपासायचं की नशीब?"

"म्हणजे?" साहेब पुढे सरकले.

"सर्फराजचा खांदा जाणार हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. त्या दिवशी सावद्याने सोनं दिलं आणि दगड घेतला. पुढे दगड चालला, ते नशीब. मग अख्ख्या लीगमधला सगळ्यात वाईट निर्णय कुणाचा? प्रफुल्ल सरोदेंचा."

"आणि सगळ्यात चांगला?" वाणी सरांनी खवचटपणे विचारलं.

इथपर्यंत मी विचारच केला नव्हता. पण आता मागे फिरता येईना. "अर्थात चोपड्याच्या बोंडेंचा. जाडा देऊन सर्फराज घेतला त्यांनी!"

"बोंडे? अहो बाई, त्यांनी एकही मॅच जिंकली नाही!"

"नशीब," मी म्हटलं.

वाणी सरांनी कपाळावर हात मारला. पण साहेबांचे डोळे चमकायला लागले होते. "वाणी, तिकडे टीव्हीवर अगदी अस्संच बोलतात," ते म्हणाले. "मला तेव्हा त्यातलं काही कळायचं नाही. आज कळलं." दोन विरुद्ध एक. वाणी सर चहा न घेताच उठून गेले.

बक्षीस समारंभ आप्पांच्या जुन्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात होता. मंडप आप्पांचा, जेवण आप्पांचं, हारतुरेही आप्पांचेच. आधी सर्वोत्तम मॅनेजर म्हणून बोंडेंचं नाव पुकारलं. ते आलेच नव्हते. कोण सांगणार होतं त्यांना की तुमचा सत्कार आहे? फोन करून, गाडी पाठवून आणलं. चांदीची बॅट हातात घेऊन तो माणूस कुणी आपली थट्टा करतंय का म्हणून इकडेतिकडे बघत होता.

मग साहेबांनी सगळ्यात वाईट जनरल मॅनेजरचं नाव वाचलं आणि मंडपातल्या सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. वाढपी सुद्धा थांबले.

प्रफुल्ल उठला तो जवळजवळ धावतच स्टेजवर गेला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. फाटका बॉल त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि वर लोकांना दाखवला! मी खुर्चीतून डोळे वटारले, हाताने खूण केली, अहो, रुसा की! तेव्हा कुठे त्याला आठवलं. त्याने माईक धरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"आप्पा, एवढा अपमान झाल्यावर मला इथे राहता येणार नाही. मी अकोल्याला चाललो."

"बरोबर आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "जावयाला असं करतात होय?"

माझा जीव भांड्यात पडला. जमलं! मी मनातल्या मनात त्याला गाडीत बसवूनही दिलं.

तेवढ्यात आप्पा उठले. ऑपरेशन झालेली पाठ, हातात काठी, एक एक पायरी करत स्टेजवर चढले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, कण्हत कण्हत वाकले आणि टोपी जावयाच्या पायांवर ठेवली.

"जावईबापू, या कमिटीला अक्कल नाही," आमच्याकडे बघत ते म्हणाले. "पण अपमान माझ्या मंडपात झाला, तर भरपाई मीच केली पाहिजे. माझं केळीचं कोल्ड स्टोरेज आजपासून तुमच्या नावावर. वकीलसाहेब हे काय, समोरच बसलेत. राग सोडा."

प्रफुल्लने पायावरच्या टोपीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी अजून विसरले नाही. सगळं गाव बघत होतं, म्हातारा वाकलेला होता, त्याला सरळ होता येत नव्हतं. प्रफुल्लने टोपी उचलली, झटकली आणि आप्पांच्या डोक्यावर ठेवली. लोकांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की तसा फायनललाही झाला नव्हता. बायकांच्या बाजूला उज्ज्वला पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, बिचारी, एवढं करून पोरीचा डाव फसला.

तीस तारीख आली आणि गेली. कॉलेजने दुसरा माणूस घेतला. लीग काही पुन्हा झाली नाही, कारण त्या निकालावरून चारही मालक एकमेकांशी बोलेनासे झाले.

पुढे काही वर्षांनी मी निवृत्त झाले. मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं, सामान बांधायला घेतलं आणि सगळ्यांचा निरोप घेत आप्पांच्या कोल्ड स्टोरेजवर गेले. आप्पा दारातच खाटेवर बसले होते, पार थकलेले.

"त्या दिवशी तुम्हाला अक्कल नाही म्हणालो, मॅडम. राग नाही ना?"

"इतक्या वर्षांनी कसला राग! पण आप्पा, उभ्या उभ्या एवढं कोल्ड स्टोरेज देऊन टाकायचं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"मला कुठलं सुचतंय? उज्ज्वलाने सांगितलं. म्हणाली, आप्पा, ह्यांना वाईट ठरवणार आहेत. हे रुसणार, आणि अंगठीबिंगठीने काही समजूत निघायची नाही. मंडपात येताना वकील घेऊनच या."

"कधी म्हणाली हे?"

"कधी बरं... हां, म्हणाली होती, उद्या मॅडमकडे चहाला जाऊन येते. त्याच दिवशी."

मी तशीच आत गेले. दारावर पाटी प्रफुल्लच्या नावाची होती, खुर्चीत उज्ज्वला होती. कानाला फोन, समोर दोन ट्रकवाले उभे. मला बघून तिने फोन ठेवला आणि ट्रकवाल्यांना बाहेर काढलं.

"सर्फराजला द्यायला कुणी सांगितलं होतं?" मी बसलेसुद्धा नाही.

तिने समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मी."

"आणि तो जाडा?"

"मीच. सर्फराज प्रत्येक बॉलनंतर खांदा चोळायचा, तुम्ही नाही बघितलं? हे मला विचारायचे, सगळ्यात टाकाऊ कोण आहे सांग. मी सांगायचे."

"म्हणजे कमिटीत बसून मी ज्याला नशीब नशीब म्हणत होते..."

"ती मी होते, मॅडम."

मला इतका संताप आला! "अगं, नोकरी गेली त्या माणसाची! जीव अडकला होता त्याचा तिथे, आणि तू माझ्या घरात बसून, माझाच चहा पिऊन..."

"माहितीय." तिचं हसू गेलं होतं. "आप्पांकडे आधी मी टीम मागितली होती. मग कोल्ड स्टोरेज मागितलं. दोन्ही वेळा म्हणाले, मुलीला दिलं तर जावयाचा अपमान होईल. मग म्हटलं, होऊनच जाऊ दे एकदाचा."

"आणि प्रफुल्ल?"

"त्यांना वाईट वाटतं. मला त्यांच्याकडे बघून वाटतं, रोज वाटतं. पण अकोल्याला गेलो असतो तर मला जन्मभर वाटलं असतं, आणि ते कुणाला दिसलंही नसतं."

तिला शाळेतून घरी न्यायला आप्पा स्वतः यायचे, तेव्हाही ती मैदान सोडायला तयार नसायची, हे मला आठवलं.

मागच्या बाजूला प्रफुल्लने केळीच्या रोपांची नर्सरी केली होती. आईला त्याने इकडेच आणलं होतं. हात मातीने भरलेले, केस पिकलेले. मला बघून त्याला खरंच आनंद झाला.

"माझंच चुकलं तेव्हा, मॅडम," तो हसत म्हणाला. "आधी गाडीत बसायला पाहिजे होतं, मग रुसायला. अजून दर दिवाळीला आप्पा विचारतात, जावईबापू, राग गेला ना?" मग रोपांच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाला, "हा माझा वर्ग. कुणी गैरहजर नसतं." मी त्याला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते?

उज्ज्वला मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"कायमच्या चाललात पुण्याला?"

"हो. तिकीट काढलंय."

"बरं आहे. आम्ही मागची जागा सपाट केलीय. मुलींची टीम काढतेय, पगार देऊन. कोच मात्र मिळत नाही. शाळेतल्या त्या नव्या ढाके मास्तरांना विचारलंय."

"ढाके? अगं, त्याला ग्लोव्ह कोणत्या हातात घालतात ते माहीत नाही! पोरींची बोटं मोडतील!"

"मग काय करू? तुम्ही तर चाललात." तिने दोन्ही हात जोडले. "मॅडम, एवढा उन्हाळा होऊ द्या."

मी थांबते म्हटलं. आणि घरी येऊन बांधलेलं सामान सोडताना, दुसरी बॅग अर्धी रिकामी झाल्यावर, मला प्रफुल्लचा पोळा आठवला.

त्यालाही आता पाच वर्षं झाली. पोरी बऱ्या खेळतात. मुलगा पुण्याहून फोन करतो, "आई, कधी येतेस?"

मी म्हणते, "एवढी जिल्ह्याची स्पर्धा होऊ दे."